मदत हवी आहे: मेनू फोटोच्या खाली जातोय, झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रमांक) ९९९९ देऊनसुद्धा

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, आमच्या गावातल्या हौशी नाटक मंडळाची वेबसाईट करतोय, जत्रेच्या आधी चालू करायचीच आहे कारण लोक नाटकाच्या तारखा विचारून विचारून फोन करतात.

वर हेडर आहे, पोझिशन स्टिकी (स्क्रोल केलं तरी वर चिकटून राहतो), त्यात ड्रॉपडाऊन मेनू. खाली फोटोंचा स्लायडर, त्याला पोझिशन रिलेटिव्ह आणि झेड-इंडेक्स १. मेनू उघडला की 'तारखा' हा शब्द स्लायडरच्या फोटोतल्या राजाच्या मुकुटाखाली अर्धा गायब, नुसता 'ता' दिसतो. मेनूला ९९९९ दिलं तरी काही फरक नाही.

दोन रात्री डोकं खपवल्यावर एवढं कळलं की स्टिकीमुळे हेडरचा स्वतःचा वेगळा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (वर-खाली थरांचा स्वतंत्र गट) होतो, म्हणजे मेनूचे ९९९९ फक्त हेडरच्या आतच मोजले जातात आणि बाहेर हेडर शून्यावरच, म्हणून स्लायडरचा १ सुद्धा जिंकतो. मग हेडरलाच १० दिले, मेनू एकदम बरोबर वर आला.

पण आता फोटोवर क्लिक केलं की मोठा फोटो उघडतो ना, तो हेडरच्या खाली जातो आणि बंद करायची फुली झाकली जाते, मोबाईलवर माणूस अडकूनच पडतो. त्या पॉपअपचा डिव्ह (पानातला डबा) स्लायडरच्या आत आहे, पोझिशन फिक्स्ड.

पॉपअप बाहेर काढून बॉडीच्या शेवटी टाकू, की डायलॉग टॅग (पॉपअपसाठीचा तयार टॅग) आणि तो उघडणारं शो-मोडल वापरू? तो टॉप लेयरमध्ये (ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या थरात) जातो, मग झेड-इंडेक्स लागतच नाही ना? कोणी वापरलं असेल तर प्लीज सांगा.