भाकरी पूर्ण बंद, की अर्धी चालेल? कीटोच्या सुरुवातीवरून

बिनसाखर
कीटो म्हणजे कर्बोदकं इतकी कमी करायची की शरीर चरबी जाळून केटोन नावाचं इंधन बनवू लागतं. तो सुरू करायचा तर पहिले चार आठवडे पोळी, भाकरी, भात, वरण पूर्ण बंद. 'दुपारची एकच भाकरी ठेवते' म्हणणाऱ्यांनी आधी पीठ तोलून बघावं. मध्यम ज्वारीच्या भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं. तंतू वजा केले तरी ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं उरतात, आणि दिवसाची मर्यादाच २० ते ३० ग्रॅम. भाजीचा पहिला घास घ्यायच्या आधीच हिशेब संपला.

त्याहून मोठा घात चहा करतो. १०० मिली दुधात ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. दिवसाला असे चार कप झाले की बिनसाखरेचेही २० ग्रॅम. मग पंधरा दिवसांनी तक्रार: 'मला कीटो लागू पडत नाही.' आमटीतला गुळाचा खडा, बांगड्याला लावलेली तांदळाची पिठी, कोथिंबीर वडीतलं बेसन, सगळं मोजायचं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर विसराच, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

खायचं काय? मेथी, पालक, घोसाळं, दुधी, वांगं, फ्लॉवर, अंडी, पनीर, मासे, मटण, ओलं खोबरं, जवसाची चटणी. स्वयंपाकघरात डिजिटल काटा हवाच. वाटी-चमच्याचं माप प्रत्येक घरात वेगळं असतं.

चुलीवरची
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. अंडीही न खाणारी ६० किलोची व्यक्ती घ्या. किलोला १.२ ग्रॅम धरून तिला ७२ ग्रॅम प्रथिनं हवीत. १५० ग्रॅम पनीरमधून २७-२८, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांतून ७-८, १०० ग्रॅम दह्यातून ३. चाळिशीही गाठली नाही, आणि डाळी तुम्ही ताटातून काढल्या. तूप कितीही ओता, त्यात प्रथिनं शून्य.

२०१८ साली डाएटफिट्स या चाचणीचे निकाल आले. ६०९ जण, एक वर्ष. कमी चरबीच्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने घटलं, कमी कर्बोदकांच्या गटाचं ६ किलोने; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्यातही सुरुवात २० ग्रॅमपासून करून पुढे निभेल तितकं वाढवायची मुभा होती. मग भात, साखर, मैदा बंद, अर्धी भाकरी, वाटीभर घट्ट वरण, दुप्पट भाजी असं ८०-१०० ग्रॅमवर का थांबू नये? ते गणपतीतही टिकतं.

बिनसाखर
प्रथिनांचं मान्य. अंडी नसतील तर टोफू किंवा दिवसाला एक-दीड स्कूप साधं, बिनगोड व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) लागणारच. ते नको असेल तर कीटोच्या वाटेला जाऊ नये.

पण ८० ग्रॅमला कीटो म्हणू नका. लोक भाकरी ठेवतात आणि वर लोणी, चीज, तूप वाढवतात. हा सर्वांत वाईट सौदा: बहुतेकांच्या शरीरात पुरेसे केटोन तयार होत नाहीत आणि उष्मांक मात्र चढतात. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात शंभराहून जास्त. चरबी ओतायची कल्पना अपस्माराच्या उपचारातून आली. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो आहार मांडला. पुढे त्यात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक भाग, तर चरबी चार भाग हे वजनी प्रमाण रूढ झालं. वजनासाठी एवढी चरबी लागत नाही, भूक भागेल तेवढी पुरते.

कंपाउंडर
तुम्ही भाकरीवर भांडताय, इकडे लोक मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून कीटो सुरू करतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने कर्बोदकं एकदम तोडली तर रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळाच: ग्लुकोमीटरवर आकडा फारसा चढलेला नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, उलट्या, धाप लागली तर 'कीटो फ्लू (सुरुवातीच्या दिवसांतली डोकेदुखी, थकवा) असेल' म्हणून घरी बसू नये. डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यायचा. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण असेल तर हा प्रयोग नकोच. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) आधी एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच चढतं.

चुलीवरची
कंपाउंडर, +१. आणि पहिल्या आठवड्यात घटलेल्या दोन किलोंचे पेढे वाटू नका. स्नायू-यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपताना ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोडतो, ते वजन आहे.

बिनसाखर
ते पाणीच डोकेदुखीचं मूळ. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड, पायात गोळे. बीपी, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दोन वेळा पाव चमचा मीठ घातलेलं मटणाचं किंवा भाज्यांचं पातळ सूप घ्यावं. बद्धकोष्ठाला इसबगोल, वर भरपूर पाणी.

निमशहरी
घरात पाच माणसं, शेगडी एक. दोन स्वयंपाक कोण करणार?

बिनसाखर
दोन करायचे नाहीत. पालकाची पातळ भाजी फोडणीत परतली, शिजली की बेसन आणि गूळ पडायच्या आधी एक मोठी वाटी काढून घ्यायची. तिच्यात ओलं खोबरं वाटून घालायचं. बटाटा घातलेली वांग्याची भाजी असेल तर फोडी वेचत बसू नका, रस्स्यात स्टार्च उतरलेला असतो. त्या दिवशी वांगं वेगळं भाजून भरीत.

चुलीवरची
भरतात दही घालणार असाल तर तेही मोजा. तुमच्याच काट्यावर.