डोक्याला मार लागल्यावर माणूस बदलला, असं तुमच्या घरी झालंय का?

रामबागकर:
काल इंदूरला पलासियात एक पोरगा स्कूटीवरून पडला, उठला आणि "कुछ नहीं हुआ भिया" म्हणून निघूनही गेला. मला दादा आठवला. भंवरकुव्याला ट्रकने कट मारला तेव्हा तोही असाच उठला होता. सीटी स्कॅन नॉर्मल, टाके घालून घरी. रात्री अख्ख्या घराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला ओढून नेणारा माणूस. नंतर भांडं पडलं तरी ताट भिरकवायचा, मग दार लावून रडायचा. आई म्हणे नजर लागली. बाकीच्यांनी खापर वहिनीवर फोडलं, तिने खूप सोसलं. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता?" तोवर कुणी दोन्हीचा संबंधच लावला नव्हता. तुमच्याकडचं लिहा.

चिऊची_आई:
सासरे. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं मागून आपटलं. वास येणंच गेलं. पोह्यांवर चमचाभर जीरावन मसाला टाकला तरी म्हणतात मातीसारखं लागतंय. एकदा गॅस चालू राहिला, शेजारी बसून कळलं नाही. आता नुसते बसून असतात, पेपरही उघडत नाहीत. कुकर झालाय, नंतर लिहिते

स्नेहलतागंज:
काकू, हे डॉक्टरांना नक्की सांगा. वास जाणं आणि असं गप्प होणं, दोन्ही त्या माराचं असू शकतं. मी न्यूरो वॉर्डात नर्स होते. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले गेलेले बरेचदा दिसत नाहीत. राग आवरणारा भाग कपाळामागे असतो, आतलं हाड तिथे खडबडीत, धक्क्याने तो त्यावर घासतो. अमेरिकेत 1848 मध्ये फिनिअस गेजच्या डोक्यातून लोखंडी कांब आरपार गेली. तो जगला, पण मित्र म्हणाले हा आमचा गेज नाही. नैराश्य पहिल्या वर्षात जास्त दिसतं, पण उशिराही येतं. आधी नैराश्य असेल किंवा दारू असेल तर जास्त जपा. मरणाच्या गोष्टी बोलत असतील तर वाट बघू नका, 14416 ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेली मानस, रात्रीही लागते.

बडोद्याहून_मी:
मला स्वतःला. ट्यूबलाइट सहन होत नव्हती, दोन माणसं एकदम बोलली की डोकं फुटायचं. घरचे म्हणायचे कामचुकार झालीस. ते अजून लागतं मनाला.

रामबागकर:
@बडोदा, ताई, वाईट वाटलं वाचून. दादालाही आवाजच सोसत नसे.

मालवी_मुलगा:
विमा कंपनीने मानसिक म्हणून क्लेम नाकारला तर ऐकून घेऊ नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 21 आहे, शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. आणि गल्लीतल्या गल्लीत जातानाही हेल्मेट घाला रे

चिऊची_आई:
आले. जीरावन छप्पन दुकान बाजारातलं नाही हं, घरचं. 😊 सासऱ्यांना कुठे दाखवू, न्यूरोला की मानसोपचाराला?

स्नेहलतागंज:
आधी न्यूरो, ते सांगतील तसं पुढे. पडल्याच्या वेळचे कागद दोन्हीकडे न्या, आणि वासाचं तुम्हीच काढा, ते स्वतः सांगणार नाहीत.

रामबागकर:
दादाची गोळी चालू आहे. राग येतो अजून, पण आता "मी गच्चीवर जातो" म्हणून आधीच उठतो.