मार्टिन शुल्त्स: ब्रुसेल्सात वाघ, बर्लिनात शेळी?

खवट_पुणेकर (धागाकर्ता):
शुल्त्स म्हणजे युरोपीय संसदेचा माजी अध्यक्ष आणि २०१७ ला जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचा चान्सलरपदाचा उमेदवार. काल इथे कुणीतरी त्याच्याबद्दल लिहिलं, 'शुल्त्सने ब्रुसेल्सात वीस वर्षं खुर्ची उबवली आणि मग जर्मनीत येऊन पक्ष बुडवला.' पक्षाचं नंतर बघू. पण खुर्ची उबवली? २००३ मध्ये इटलीचा पंतप्रधान बर्लुस्कोनी याला हितसंबंधांवरून भर सभागृहात घेरलं, तेव्हा तो इतका चिडला की शुल्त्सला नाझी छळछावणीच्या सिनेमात 'कापो'ची (कैद्यांवर नेमलेल्या कैदी-मुकादमाची) भूमिका देऊ केली. युरोपीय संसदेचं अध्यक्षपद अडीच-अडीच वर्षांनी वाटून घ्यायची पद्धत, ते सलग दोनदा मिळवणारा हा पहिलाच. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत स्वतः हरला, पण 'जिंकलेल्या गटाचाच उमेदवार युरोपीय आयोगाचा अध्यक्ष' हे तत्त्व ब्रिटनचा कॅमरन आणि हंगेरीचा ओर्बान यांचा विरोध असताना पदरात पाडून घेतलं. जिंकलेल्या गटाचा युंकर त्या कुबड्यांवर अध्यक्ष झाला.

बिनपाण्याचा_मासा:
पदरात कुणाच्या? २०१९ ला जिंकलेल्या गटाचा उमेदवार वेबर आणि आयोगाच्या खुर्चीवर फॉन डेर लायन. पाच वर्षं टिकली तुमची क्रांती. आणि पक्षाचं 'नंतर' का? मार्च २०१७ ला पक्षाध्यक्षपदासाठी १०० टक्के मतं, सप्टेंबरात देशाच्या निवडणुकीत पक्षाला २०.५. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तेव्हाचा नीचांक.

म्युनिकची_आई:
आबिटुअर (विद्यापीठाचं दार उघडणारी शाळेची शेवटची परीक्षा) नसलेला माणूस चान्सलर कसा होणार म्हणून तेव्हा नाकं मुरडणारे जर्मन मी ऑफिसात पाहिलेत. याच मानसिकतेने माझ्या लेकीचं वाटोळं केलं. इथे बायर्नमध्ये (बव्हेरिया राज्यात) गिम्नाझियमला, म्हणजे आबिटुअरपर्यंत नेणाऱ्या शाळेत, जायला चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ लागते; इथे आकडा जितका लहान तितका चांगला. तिची २.६६. का, तर डेर-डी-दासच्या, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगाच्या, चुका! दहा वर्षांच्या पोरीचं भवितव्य शब्दाच्या लिंगावरून ठरवतात.

बिनपाण्याचा_मासा:
ताई, शुल्त्स गिम्नाझियममध्येच होता. अकरावीत गटांगळ्या खाऊन बाहेर पडला. त्याला कुणी चौथीत अडवलं नव्हतं.

म्युनिकची_आई:
म्हणजे ज्याला दार उघडं होतं त्याने ते लाथाडलं, तरी महापौर झाला. माझी मुलगी दारातच उभी. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

राईनकाठचा:
आमच्या नॉर्डराईन-वेस्टफालन राज्यात शाळेची शिफारस बंधनकारक नाही, पालक ठरवतात. इकडे या. बाकी गुडघ्याने फुटबॉल संपवला, दारूने पंचविशी खाल्ली, त्यातून उठून शुल्त्सने व्युर्झेलेन गावात पुस्तकांचं दुकान काढलं आणि ३१ व्या वर्षी तिथला महापौर झाला. शिकलेल्यांपैकी किती जणांना जमलं असतं?

बिनपाण्याचा_मासा:
दुःखाचं भांडवल पुरे. 'मर्केलबाईंच्या मंत्रिमंडळात जाणार नाही' हे कोण म्हणालं? फेब्रुवारी २०१८ ला परराष्ट्र मंत्रालय दिसताच लाळ गळली. पक्षातूनच बोंब झाली तेव्हा दोन दिवसांत माघार.

खवट_पुणेकर:
तिथे माती खाल्ली, घ्या, दिलं लिहून. फ्रेम करून लावा. पण २०१६ ला तुर्कांना शिव्या घालणाऱ्या ग्रीसच्या अतिउजव्या 'गोल्डन डॉन' पक्षाच्या खासदाराला ज्याने सभागृहाबाहेर काढलं तो शेळी नव्हता. त्यावर एक ओळ?

बिनपाण्याचा_मासा:
अध्यक्षाचं कामच ते. पोस्टमनने पत्र टाकलं म्हणून सत्कार करू का?

राईनकाठचा:
मासेराव, तुम्हाला पोस्टमनपेक्षा पत्राचा राग आलेला दिसतो.

बिनपाण्याचा_मासा:
वैयक्तिक घसरू नका. अडमिन आहेत का इथे?

खवट_पुणेकर:
अडमिन झोपलेत. आणि धागा शुल्त्सवर आहे, शाळेवर नाही, ही विनंती.

नवा_आयडी:
@म्युनिकची_आई, माझा मुलगा यंदा तिसरीत. रेआलशूलेतून (दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेतून) दहावी झाल्यावर फाखओबरशूलेचा (व्यावसायिक उच्च माध्यमिक शाळेचा) मार्ग असतो ना? तिथून पुढे इंजिनिअरिंगला घेतात का?

म्युनिकची_आई:
घेतात. बारावीनंतर फाखहोखशूले (उपयोजित शिक्षणाचं विद्यापीठ), तेरावी केली तर युनिव्हर्सिटीही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सगळं सविस्तर सांगते.