मदत हवी आहे: ‘हत्ती’ विकून लहान, भरवशाची गाडी घ्यायची आहे (मागे कॅराव्हॅन ओढायची आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. मी ५८ची, हे ६२चे. मुलं आपापल्या मार्गाला लागली. वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे व्हॅन (म्हणजे कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन भटकायचं, एवढी एकच हौस उरली आहे.

गाडी आहे युरोपातली, मोठी, डिझेल. ब्रँडचं नाव घेत नाही, पण घरात तिला ‘हत्ती’ म्हणतात. सात सीटा, साडेतीन टन ओढायची ताकद. मुलं बरोबर असताना मागे अडीच टनांची व्हॅन होती, तेव्हा हत्ती शोभत होता. दोन वर्षांपूर्वी ती व्हॅन विकून लहान पॉप-टॉप (थांबल्यावर छत वर उचलता येतं अशी व्हॅन) घेतली. म्हणजे आता हत्तीला बकरी बांधली आहे.

गेल्या जुलैत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांत निघालो होतो. हॉकर गावाच्या पुढे इंजिनचा पिवळा दिवा लागला, मग लाल, मग गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे जपण्यासाठी स्वतःच ताकद कमी करून बसली. चढावर ताशी ४० च्या वर जाईना. शेवटी ट्रकवर चढवून शंभरेक किलोमीटर मागे पोर्ट ऑगस्टाला आणली. रस्त्यावरच्या मदतीच्या विम्यात गाडी बसत होती, व्हॅन बसत नव्हती, हे तिथे उभं राहून कळलं! (आपापली कागदपत्रं आजच वाचा.) सुटा भाग दुसऱ्या शहरातून यायचा होता. अकरा दिवस आम्ही पोर्ट ऑगस्टात. गाव चांगलं आहे, पण अकरा दिवस पाहण्याइतकं नाही.

दोष धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरमधून, म्हणजे डीपीएफमधून, सुरू झालेला निघाला. मेकॅनिकने विचारलं, “एरवी गाडी कुठे चालवता?” एरवी म्हणजे वाणसामान, दवाखाना, देऊळ, नातीची शाळा. एकेक फेरी चार-पाच किलोमीटरची. तो म्हणाला, “मग हे होणारच होतं.” हा फिल्टर साफ व्हायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो, आणि आमची गाडी तापायच्या आत घरी पोचते.

म्हणून आता लहान आणि पेट्रोल किंवा हायब्रिड असं मी ठरवलंय. ह्यांचं मत अजून हत्तीकडेच झुकतं. १९९१ साली मारुती ८०० मध्ये पाच माणसं आणि टपावर गाद्या घेऊन खंबाटकीचा घाट चढलेला माणूस आज म्हणतो, “साडेतीन टन क्षमता नको का?” काय बोलायचं!

आता आकडे. व्हॅन रिकामी १२५० किलो, एटीएम १६००. (इथे व्हॅनच्या कमाल भरलेल्या वजनाला एटीएम म्हणतात. व्हॅन घेतल्यावर जाणारा पैसा पाहता नाव चुकलेलं नाही.) सगळं भरून वजनकाट्यावर नेली तर १४८० भरली. बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर व्हॅनचं टोक टेकतं) साधारण १५० किलो येतं. गाडीत आम्ही दोघं मिळून १४५, टो-बार (व्हॅन जोडायची दांडी) ३०, फ्रिज आणि बॅटरी ५०, बाकी सामान ६०. बॉलचे १५० धरून ४३५ किलो.

टोयोटा राव-४ हायब्रिड (२०१९ ते २०२५ची) आवडली होती, पण चारही चाकांना ताकद मिळणारीसुद्धा ब्रेकवाली व्हॅन १५०० किलोच ओढते, आणि दोनच चाकांना मिळणारी फक्त ४८०. दिसायला दोन्ही सारख्या, तेव्हा जुनी घेणाऱ्यांनी जपून. आमची व्हॅन १४८० असली तरी एवढं काठावर जगायची इच्छा नाही. हल्लीचं साधं २.५ पेट्रोल सुबारू फॉरेस्टर १८०० ओढतं, पण मला त्याहून मोकळीक हवी. उरल्या दोन: सुबारू आउटबॅक २.५ आणि टोयोटा क्लुगर हायब्रिड, दोघींचे २००० किलो. २०२१ नंतरची, थोडी वापरलेली चालेल.

प्रश्न असे. आउटबॅकचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स घाटात व्हॅन ओढताना तापतो का? क्लुगर घेतली तर लहान गाडी घेतली असं म्हणता येईल का? आणि पुढेमागे नलारबोरचं ओसाड मैदान ओलांडून पश्चिमेला जायचं आहे, तिथे लहान टाकी पुरेल का?

प्रतिसाद – अॅडलेडहून

ताई, २००० हा आकडा ब्रोशरचा. तुम्हाला आधी अडेल ती गाडीची स्वतःची भारक्षमता. दाराच्या पट्टीवर जीव्हीएम (गाडीचं कमाल भरलेलं वजन) असतो, त्यातून गाडीचं रिकामं वजन वजा करा आणि उरतं त्यात तुमचे ४३५ बसवा. बॉलचं वजन गाडीच्या खात्यात धरलंत हे बरोबर केलंत, निम्मे लोक ते विसरतात. मग जीसीएम, म्हणजे गाडी आणि व्हॅन मिळून चालणारं कमाल वजन, तपासा. तो पट्टीवर नसला तर मॅन्युअलमध्ये शोधा. भार वाटून देणाऱ्या सळयांची हिच (व्हॅनची जोडणी) लावणार असाल तर तीही कंपनीला चालते का, तिथेच पाहून घ्या.

नलारबोरची काळजी नको. तिथून जाणाऱ्या एअर हायवेवर पंपांमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या आतच आहे. खिशाची काळजी करा.

प्रतिसाद – जिलाँगहून

माझ्याकडे आउटबॅक २.५ आहे, मागे १३०० किलोची व्हॅन. ग्रेट अल्पाइन रोडने हॅरिएटव्हिलहून माउंट हॉथम चढलो. तीसेक किलोमीटरात सुमारे तेराशे मीटर चढ. गाडी मॅन्युअल मोडला टाकली, घाई केली नाही, मध्ये दोनदा थांबलो. तेलाच्या तापमानाचा दिवा लागला नाही, पण इंजिन ओरडत होतं आणि बायको गप्प होती. २४५ न्यूटन-मीटरचं इंजिन आहे, डिझेलचा जोर विसरा.

खरा त्रास घाटात नाही, मैदानात. समोरून वारा आला की वजनापेक्षा व्हॅनचं तोंड जास्त नडतं. एरवी शंभराला नऊ लिटर लागतात, व्हॅन लावून सोळा. तुमची पॉप-टॉप छत खाली करून चालते, तो मोठा फायदा. आणि ताशी नव्वदीत राहा.

प्रतिसाद – पुण्याहून

आमच्याकडे पीएमटीच्या मागे लोंबकळणं एवढाच टोइंगचा अनुभव. याला वेगळं लायसन्स लागतं का हो?

प्रतिसाद – ब्रिस्बेनहून

क्लुगर तीन वर्षं वापरतोय. शहरात निम्मा वेळ इंजिन बंद असतं, तुमच्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांना हिच्यासारखी नाही. पण मागची चाकं फक्त विजेच्या मोटरवर चालतात, पुढून मागे शाफ्टच नाही. ओल्या गवतातून व्हॅन बाहेर काढता येते, पण समुद्रकिनाऱ्यावरच्या मऊ वाळूत न्यायची नाही. आणि लहान? पार्किंगमध्ये शिरताना तसं वाटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पुणेकर, साधं कार लायसन्स चालतं. व्हॅन ७५० किलोच्या वर गेली की तिला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि दोन टनांवर गेली की सगळ्या चाकांना.

वाळूत आम्ही जात नाही, यांचे गुडघेही जाऊ देत नाहीत. वर्षातले सहा आठवडे व्हॅन आणि सेहेचाळीस आठवडे नातीची शाळा, हा हिशेब लिहून यांच्यापुढे ठेवला. त्यामुळे क्लुगर पुढे आहे. जिलाँगकर, तुमच्या बायकोच्या गप्प बसण्याचाही यात वाटा आहे. शनिवारी एक २०२२ची पाहायला जातोय, पट्टीवरचा जीव्हीएम आधी फोनवर विचारून घेतला. आमचे ४३५ बसतात.

हत्तीची जाहिरात काल टाकली. फोटो काढण्याआधी यांनी गाडी दोनदा धुतली.