रोजच्या आणि नकळत टिपलेल्या फोटोंसाठी झूम लेन्स: तुमचा अनुभव काय?

माझ्याकडे कॅननची क्रॉप सेन्सरवाली (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, सोबत मिळालेली १८-५५ मिमी आणि नंतर घेतलेली ५५-२५० लेन्स आहे (आकडा लहान तर चौकट रुंद, मोठा तर लांबचं जवळ). आई, पाच वर्षांची लेक, शनिवारचा बाजार आणि घरची कार्यं, एवढेच माझे विषय. वाघ-बिघ नाहीत. आई पुरणयंत्र फिरवत गुणगुणत असते, तेव्हा कॅमेऱ्यावर नेमकी ५५-२५० असते आणि ओट्यापासून मागे सरकायला जागा नसते. लेन्स बदलेपर्यंत तिने पदर सावरून, मान ताठ करून "काढ आता" म्हटलेलं असतं. दोन्ही विकून एकच घ्यावी म्हणते. तुम्ही माणसांचे फोटो कशाने काढता? काय घेऊन पस्तावलात?

* * *

आधी जुने फोटो बघा. कोणता फोटो किती मिमीवर काढलाय हे प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेलं असतं. मी स्वतःला आवडलेले तीनेकशे फोटो घेऊन बसलो. निम्म्याहून जास्त ३० ते ५५ मध्येच! २०० च्या पुढे काय, तर चंद्र, एक खंड्या आणि शेजाऱ्यांची गच्ची. म्हणजे पैसे साठवत होतो लांबच्या पल्ल्यासाठी आणि अडत होतं उजेडावाचून. १८-५५ ला ५५ वर एफ ५.६ च्या खाली जाताच येत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये पोरं कॅरम खेळत असली की शटर १/३० सेकंदावर यायचं आणि हात पुसट यायचे. स्टॅबिलायझेशन माझा हात सावरतं, पोरांचा नाही. शेवटी सिग्माची १७-५० एफ २.८ घेतली, वापरलेली. ५.६ पेक्षा चौपट उजेड आत येतो, त्यामुळे त्याच खोलीत त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/१२५ मिळतं. वजन मात्र अर्ध्या किलोच्या वर, मान बोलते.

* * *

झूम कशाला? ५० एफ १.८ लावा आणि पाय चालवा. स्वस्त, हलकी, कोणी बिचकत नाही.

* * *

पाय चालवा म्हणणाऱ्यांनी आमचं वन आरके बघितलेलं नाही. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ५० ची चौकट ८० मिमीच्या लेन्सइतकी अरुंद होते. भाच्याच्या बारशाला भिंतीला पाठ लावून उभी होते, तरी पाळणा आला तर आत्या कापली जायची आणि आत्या आली तर पाळणा. ते फोटो शेवटी फोनवर काढले. लेन्स वाईट नाही, घर लहान आहे.

* * *

वारीत दोनदा चाललो, आळंदी ते सासवड. पहिल्या वर्षी दोन लेन्स नेल्या. दिवे घाटात भुरभुर सुरू, लेन्स बदलायची तर आडोसा कुठला? एका माउलींनी डोक्यावरचं इरलं माझ्यावर धरलं, म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी फक्त १८-१३५, वर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. उघड्यावर एफ ५.६ ला काही अडत नाही.

एक मात्र घरी आल्यावर कळलं. १३५ वर लांबून चोरून टिपलेले चेहरे देखणे आहेत, पण प्रिंट काढावेसे वाटले ते सगळे २४ च्या आसपासचे, तास-दोन तास सोबत चालून काढलेले. पहिली दहा मिनिटं लोक कॅमेऱ्याकडे बघतात, मग विसरतात. कँडिड म्हणजे लपून, असं मला तरी वाटत नाही. त्यातले चार फोटो परभणीच्या एका आजोबांना पोस्टाने पाठवले.

* * *

भाचीच्या साखरपुड्याला मित्राची ७०-२०० एफ २.८ नेली. दीड किलोचं धूड. मी जिकडे वळे तिकडचे लोक केस नीट करू लागत. वरपक्षाच्या काकांनी तर येऊन सांगितलं, "फोटोवाले, तुम्ही जेवून घ्या, मग गर्दी होईल." जेवलो. दुसऱ्या दिवशी लेन्स परत.

* * *

रत्नागिरीहून: कुठलीही घ्या, पावसाळ्यात कपाटात कोंडू नका. माझ्या एका लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, साफ करायचा खर्च ऐकून तशीच ठेवली. आता हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दाण्यांचा रंग पालटला की नवे. वापरलेली घेणार असाल तर दोन्ही झाकणं काढून आरपार टॉर्च मारून बघा. दुकानदार घाई करायला लागला तर उठा.

* * *

धागा मीच काढला होता. काल रात्री फोटो मोजले. आई २४ ते ३५ मध्ये, लेक ५० ला आणि तीही बऱ्याचदा हललेली. १०० च्या पुढचे झाडून सगळे शाळेच्या गॅदरिंगचे, शेवटच्या रांगेतून. म्हणजे ५५-२५० विकायची नाही, वर्षातून एकदा का होईना लागते. १८-५५ काढून एक वापरलेली १७-५० बघायला रविवारी जातेय, टॉर्च पर्समध्ये टाकलाय. आईला सांगितलं तर म्हणाली, "येताना पुरणयंत्राचा दांडा मिळतो का बघ, तो कधीचा मोडलाय."