लाइटने चालू-बंद होणारं सेरोटोनिनचं औषध, अझो बसवू कुठे?

एमफार्म_पुणेकर: नमस्कार मंडळी, पुण्यात एमफार्म करतोय, प्रोजेक्टला ५-एचटी२ए (सेरोटोनिनचा एक रिसेप्टर, म्हणजे सेलवरचं सिग्नल घेणारं प्रोटीन) वर चालणारा लाइट-स्विचेबल रेणू घेतलाय. सेरोटोनिनचे रिसेप्टर १४ प्रकारचे, २ए वर नेम धरला की शेजारच्या २बी, २सी ला पण लागतो, म्हणून म्हटलं निदान कुठे आणि कधी चालू व्हायचं ते तरी लाइटने ठरवू. सर म्हणतात ओळखीच्या लिगंडमध्ये (रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूत) अझोबेन्झीन (दोन रिंगांमध्ये एन=एन, म्हणजे नायट्रोजनची दुहेरी जोड असलेला, लाइटने आकार बदलणारा तुकडा) घाल आणि हो मोकळा. पण घालू कुठे? आणि टेस्टिंग बाहेरून करून घ्यायचंय, सेलमध्ये फ्लुओ-४ ने (कॅल्शियम वाढलं की चमकणारा डाय) कॅल्शियम बघायचं ठरतंय, चालेल ना?

पाषाणवाली: सरांचं काय जातंय म्हणायला 😄 लिगंडच्या अमाइनला (नायट्रोजनवाल्या भागाला) अजिबात हात लावू नकोस, तो रिसेप्टरच्या अ‍ॅस्पार्टेट १५५ या अमिनो आम्लाला धरून बसतो, ते सुटलं की बाइंडिंग गेलं. दोन अ‍ॅरोमॅटिक रिंग दोन अणूंच्या पुलाने जोडलेला लिगंड शोध आणि त्या पुलाच्या जागी एन=एन बसव. अझोचे आकार दोन, ट्रान्स आणि सिस: सपाट ट्रान्सला ३५० नॅनोमीटरच्या आसपास यूव्ही दिला की वाकून सिस होतो, निळ्या लाइटने किंवा नुसतं अंधारात ठेवलं तरी परत ट्रान्स. आता गोम अशी की अंधारात सगळा ट्रान्सच असतो, मग तोच अ‍ॅक्टिव्ह निघाला तर औषध अंगभर चालू आणि लाइट टाकून तू फक्त एका जागी बंद करणार, काय उपयोग? सिस अ‍ॅक्टिव्ह हवा, आणि ते डॉकिंगच्या (कॉम्प्युटरवर रेणू रिसेप्टरमध्ये बसवून बघण्याच्या) भरवशावर ठरत नाही, अझोची जागा बदलून बदलून रेणू बनवावेच लागतात. २बी पण तपास, वजन कमी करायचं औषध फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये हार्टच्या झडपांपायी बाजारातून गेलं त्याचं खापर २बी वरच फुटलं.

जुना_असेवाला: फ्लुओ-४ नको रे बाबा! तो डाय ४८८ ला एक्साइट करतात, म्हणजे निळाच लाइट, प्लेट वाचता वाचताच तुझा सिस परत ट्रान्स व्हायला लागणार आणि तू म्हणणार रेणूत दम नाही. २ए जीक्यूवाला आहे (सेलच्या आत जीक्यू प्रोटीनमार्फत सिग्नल देतो), आयपी१ (त्या सिग्नलमुळे सेलमध्ये तयार होणारा पदार्थ) मोज, ते साठत जातं आणि सेल फोडून मग वाचायचं, तोवर लाइटचं काम उरकलेलं असतं. अजून एक, यूव्ही कितीही वेळ दे, थोडा ट्रान्स उरतोच, तो शंभरपट स्ट्राँग असला तर सिसचं म्हणून जे मोजशील ते त्या उरलेल्याचंच. सिसचा हाफ-लाइफ असेच्या (टेस्टच्या) बफरमध्येच काढ, लवकर परत फिरत असेल तर अझोच्या शेजारच्या चारही जागी फ्लोरीन लावून बघ, सिस खूप टिकतो आणि यूव्हीऐवजी हिरव्या लाइटवर काम होतं.

एमफार्म_पुणेकर: बापरे, बरं झालं विचारलं, असेची ऑर्डर थांबवतो. पण मग याची गोळी कधी होईल का?

पाषाणवाली: गोळीचं विसर. आतड्यातले बॅक्टेरिया अझो तोडतात, सल्फासॅलाझिन (आतड्याच्या सुजेवरचं औषध) तर त्याच जोरावर चालतं. शिवाय यूव्ही कातडीत मिलिमीटरभर शिरतानाच दमतो, मेंदू लांबच राहिला. डोळ्याचं वेगळं, तिथे लाइट आपणहून पोचतो, रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या (हळूहळू दृष्टी जाणारा आजार) पेशंटना अझोबेन्झीनवाला रेणू डोळ्यात इंजेक्शनने देऊन ट्रायल पण झालीय, फक्त तो आयन चॅनेलवर (सेलमध्ये आयन ये-जा करायच्या वाटांवर) चालतो, सेरोटोनिनवर नाही. तू आपला सेलवर नीट चालणारा, प्रयोगात वापरायचा टूल बनव, एमफार्मला तेवढं भरपूर झालं.