कावासाकी आजार व्हायरसमुळे होतो का?

प्रश्न: भाचीला कावासाकी (लहान मुलांमधला, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) झाला होता, पाच दिवस ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडीजचं औषध) दिल्यावर उतरला. डॉक्टर म्हणाले कारण पक्कं माहीत नाही. इतकी वर्षं शोधून व्हायरस का सापडत नाही?

उत्तर १: संशय जुना आहे हो. जपानमध्ये १९७९, १९८२, १९८६ ला साथीसारख्या लाटा आल्या, आणि बहुतेक पेशंट पाच वर्षांच्या आतले, म्हणजे मोठ्यांना आधीच इम्युनिटी आलेली असावी.

उत्तर २: या पेशंटच्या घशात ॲडिनो (सर्दी-तापाचा एक नेहमीचा व्हायरस) वगैरे सापडतो पण तो नुसता सोबतीलाही असू शकतो ना, तिथेच सगळं अडतं. कोविडच्या निर्बंधांत जपानात केसेस घटल्या, मला हे फार बोलकं वाटतं.

उत्तर ३: भाचीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र चुकवू नका प्लीज, ताप गेल्यावरही हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात.